नाव बदलायचं तर सुरुवात कुठून?

बसमध्ये, मेट्रोत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा भाग ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना घरात हे ऐकण्याची सोय नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं... म्हणजे काय ना' तेवढे काढलेत.

आधी माझी ओळख. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वय २८, बी.टेक. केलंय, हिंजवडीत नोकरी करतो. आणि मी ट्रान्स पुरुष आहे. म्हणजे जन्माच्या दाखल्यावर 'स्त्री' लिहिलं गेलं, पण मी पुरुष आहे.

इंग्रजीत माणसाला थोडं लपता येतं. मराठीत नाही. 'जेवलो' की 'जेवले', 'येतो' की 'येते', पहिल्याच क्रियापदात तुमचा निकाल लागतो. कॉलेजची चार वर्षं मी घरी फोनवर अशीच वाक्यं बोलायचो ज्यात मी कुठे येतच नाही. 'जेवण झालं.' 'अभ्यास चालू आहे.' 'उद्या पेपर आहे.' आईला वाटायचं, पोरगी तुटक बोलायला लागली. मी व्याकरणातून वाट काढत होतो.

आजचा विषय मात्र क्रियापद नाही, कागद आहे. शहरात ट्रान्स माणसाला मदत कुठे मिळते असं मला मेसेजवर बरेच जण विचारतात. लोकांना संस्थांची यादी हवी असते. यादी मी सांगेनच. पण माझा अनुभव असा की यादीपेक्षा क्रम महत्त्वाचा. कुठला कागद आधी, कुठला नंतर. आणि हा क्रम माहीत असलेलं माणूस भेटणं, हीच शहरातली खरी मदत.

थोडा कायदा बघू. कंटाळू नका, पुढे उपयोगी पडेल.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात निकाल दिला. आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचाच, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. या खटल्यात आपल्याकडची दोन नावं होती: ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी आणि मुंबईच्या गौरी सावंत. मग २०१९ मध्ये संसदेने ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम आले आणि नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन पोर्टल.

या पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो. २०२० च्या नियमांनुसार सोबत प्रतिज्ञापत्र लागायचं, वैद्यकीय तपासणी लागत नव्हती. जिल्हाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत प्रमाणपत्र आणि ओळखपत्र द्यायचं, असा नियम आहे. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांनी अर्ज करायचा.

आता यातली मेख ऐका. या पहिल्या प्रमाणपत्रावर 'ट्रान्सजेंडर' असंच लिहून येतं. 'पुरुष' किंवा 'स्त्री' हवं असेल तर कायद्याच्या कलम ७ खाली पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि त्याला शस्त्रक्रिया झाल्याचं हॉस्पिटलच्या अधीक्षकांचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र लागतं. म्हणजे २०१४ ला न्यायालयाने जी अट नको म्हटलं, ती २०१९ ला मागच्या दाराने आत आली. चळवळीतल्या लोकांचा या कायद्यावरचा एक मोठा आक्षेप हाच आहे.

आता माझी गोष्ट.

पहिली नोकरी बदलताना मला एका कंपनीतून ऑफर आली. कंपनीचं नाव घेत नाही. इंटरव्ह्यूच्या तीन फेऱ्या छान झाल्या. मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांचा मेल आला: 'डिस्क्रेपन्सी'. आधारवर नवीन नाव, डिग्रीवर जुनं. त्यांच्या सिस्टीमच्या दृष्टीने ती डिग्री दुसऱ्याच कुणाची तरी होती. जॉइनिंगची तारीख पुढे ढकलली गेली, एकदा, मग परत एकदा. जुन्या कंपनीचा नोटीस पीरियड संपला. दोन महिने घरभाडं साठवलेल्या पैशांतून गेलं.

विद्यापीठात विचारलं. ते म्हणाले, आधी बारावीच्या मार्कशीटवर नाव बदलून आणा. बोर्ड म्हणालं, शाळेमार्फत प्रस्ताव पाठवा. शाळेने फोनवर सांगितलं, नवीन नावाचा सरकारी पुरावा दाखवा. आणि तोपर्यंत मी एका टेबलावर आधार दाखवायचो तर ते डिग्री मागायचे, दुसऱ्यावर डिग्री दाखवायचो तर ते आधार मागायचे. आमच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस एकमेकींची वाट बघत बसतात आणि काहीच पुढे सरकत नाही. फरक इतकाच की सर्व्हर रीस्टार्ट करता येतो.

हा डेडलॉक सोडवला अक्काने. तिचं खरं नाव सांगत नाही, आम्ही सगळे तिला अक्काच म्हणतो. ट्रान्स स्त्री, पन्नाशीच्या पुढची, शिक्षण सातवीपर्यंत. तिने माझी फाइल उघडली, दोन मिनिटं पानं उलटली आणि म्हणाली, "बाळा, तू वरून खाली चाललायस. खालून वर ये."

तिने सांगितलेला क्रम असा. पहिलं, पोर्टलवरून जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र. दुसरं, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल. हेही ऑनलाइन होतं, शासकीय मुद्रण संचालनालयाच्या वेबसाइटवर. तिसरं, आधार, आणि मग पॅन. पॅनच्या अर्जात २०१८ पासून ट्रान्सजेंडर हा स्वतंत्र पर्याय आहे. त्यानंतर शाळा, शाळेमार्फत बोर्ड, आणि सगळ्यात शेवटी विद्यापीठ. आधारबद्दल एक लक्षात ठेवा: नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि लिंग एकदाच. त्यामुळे स्पेलिंग नक्की झाल्याशिवाय आधार केंद्रावर जाऊ नका.

शाळेत मी स्वतः गेलो, सातारा जिल्ह्यात. पोटात गोळा होता. क्लार्क जुनेच होते. त्यांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, राजपत्राचं पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "जुनं नाव खोडता येत नाही. पण शेरा मारता येतो." लाल शाईने त्यांनी समोरच्या रकान्यात राजपत्राचा क्रमांक आणि तारीख लिहिली. मग चहा मागवला. जाताना म्हणाले, "गणितात चांगला होतास तू." होतास. मला त्या शेऱ्यापेक्षा ते क्रियापद जास्त लक्षात राहिलंय.

नियम काय सांगतो माहितेय? प्रमाणपत्र दाखवून अर्ज केला की संबंधित कार्यालयाने १५ दिवसांत कागदपत्रांवर बदल करायचा, आणि त्या यादीत मार्कशीटही येतात. मला शाळेपासून डिग्रीपर्यंत अकरा महिने लागले. तेव्हा नियमाची प्रिंट खिशात ठेवा. भांडायला नाही, दाखवायला.

आता ज्यासाठी हा भाग केला ते.

माझं काम झालं कारण बदलायला माझ्याकडे कागद होते. दाखला होता, मार्कशीट होती, लॅपटॉप होता, इंग्रजीत मेल लिहिता येत होता. अक्का १४ व्या वर्षी घरातून निघाली. घालवली गेली असं म्हणा. अंगावरच्या कपड्यांवर. शाळेचा दाखला नाही, रेशनकार्डावर नाव नाही, भाडेकरार नाही, कारण तिला खोली देणारा करार करत नाही आणि भाडं दुप्पट घेतो. लोकांना क्रम सांगणाऱ्या बाईला त्या क्रमाच्या पहिल्या पायरीवर चढायलाच कितीतरी वर्षं गेली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद 'इतर' या रकान्यात झाली. त्या रकान्यात अक्का आहे का, तिलाही माहीत नाही. तिच्या वस्तीत विचारायला कुणी आलं होतं असं तिला आठवत नाही.

म्हणून शहर किती मोकळं आहे हे माझ्यावरून मोजू नका. आयटी कंपनीत जूनमध्ये इंद्रधनुष्याचा लोगो लागतो, छान वाटतं. पण हातात एकही कागद नसलेलं माणूस त्या शहरात कुठपर्यंत पोचतं, ते मोजा.

दरवाजे आहेत, तेही सांगतो. मुंबईत अशोक राव कवी यांनी सुरू केलेली 'हमसफर ट्रस्ट' १९९४ पासून काम करतेय. मालवणी भागात गौरी सावंत यांची 'सखी चार चौघी' आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला. ते स्वतः अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करून परत आलेले, हे मला कळलं तेव्हा उगाच आपल्या घरातलं कुणी सापडल्यासारखं वाटलं. समलैंगिकता आणि लैंगिकता या विषयांवर त्यांनी सरळ मराठीत पुस्तकं लिहिली. घरच्यांना द्यायला मराठी पुस्तक असणं म्हणजे काय, हे ज्याला द्यावं लागतं त्यालाच कळतं. पुण्याची पहिली प्राइड डिसेंबर २०११ मध्ये निघाली.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं. पगार, गणवेश, ओळखपत्र. आपल्याला साधी वाटणारी ही गोष्ट बँकेत खातं उघडताना किती कामाला येते बघा. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीतही ट्रान्सजेंडर उमेदवारांसाठी वाट मोकळी करायला राज्य सरकारला लावलं.

पण दरवाजे बंदही होतात. ट्रान्स लोकांसाठीचं 'मित्र' क्लिनिक पुण्यात होतं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि ते बंद पडलं. तिथे कुणी 'तुमच्यासारखे' म्हणत नव्हतं. दूर कुठेतरी झालेल्या एका सहीमुळे इथल्या पोरापोरींचं हार्मोनचं फॉलोअप थांबलं. आपल्या शहराने आपल्या पैशातून चालवलेला दवाखाना का नको, हा प्रश्न आपण नगरसेवकांना विचारायला हवा.

काही नंबर पाठ करा. मन फार खाली गेलं तर १४४१६, टेली-मानस, फुकट आणि २४ तास. कायदेशीर मदतीसाठी १५१००. कुणी डॉक्टर 'हे बरं करून देतो' म्हणाला तर ठाम नाही म्हणा. अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. समलिंगी जोडीदारांसाठी एक: लग्नाला कायद्याची मान्यता नाही, ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही नाही. पण जॉइंट बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये लेखी स्पष्ट केलंय. बँकेत तेच पत्रक दाखवा.

आणि माझ्या क्षेत्रातल्या मित्रमैत्रिणींनो, एक काम तुमच्याकडे. फॉर्म आपण बनवतो. 'नाव जुळत नाही' असा एरर टाकून अर्ज अडवणारा कोड आपल्यापैकीच कुणी लिहिलेला असतो. तिथे 'पूर्वीचं नाव' हा एक रकाना आणि राजपत्र अपलोड करायची सोय द्या. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या बायकांनाही त्याचा उपयोग होईल. एचआरमध्ये असाल तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुमच्याकडे कोण आहे, उद्या विचारून बघा.

हा भाग २०२५ च्या पावसाळ्यात रेकॉर्ड केलाय. नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी पोर्टलवरची ताजी माहिती वाचून घ्या.

अक्काकडे आता प्रमाणपत्र आहे, आधार आहे, बँकेचं पासबुक आहे. रविवारी ती अजूनही पोरांच्या फायली बघत बसते. मी शेजारी लॅपटॉप घेऊन अर्ज भरतो. तिला जे पाठ आहे ते मी लिहून काढतोय, म्हणजे ज्याला अक्का भेटणार नाही त्यालाही क्रम मिळेल. कुणाला गरज असेल तर हा भाग पाठवा. नाव न सांगता पाठवलात तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. येतो!