वाचून वाचून जीर्ण झालेली पुस्तके
(स्वागताध्यक्षांचे भाषण)



तापी-गिरणेच्या या मुलखात, उन्हाची आणि प्रवासाची तमा न बाळगता, केवळ रहस्यकथेच्या प्रेमापोटी आपण आज जळगावी एकत्र आलात, याबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. आमचा पाहुणचार भरीत, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी यांच्या पलीकडे फारसा जात नाही. परंतु पंक्तीला बसवताना आम्ही कोणाची हैसियत विचारीत नाही. ज्या साहित्यप्रकारासाठी हा मंडप उभारला आहे, त्याला मात्र मराठी सारस्वताच्या पंक्तीत दीर्घकाळ पान वाढले गेले नाही, ही खंत मी आरंभीच नमूद करतो.

खानदेशाला संमेलने नवी नाहीत. १९३६ साली याच जळगावात माधव जूलियन, १९४४ साली धुळ्यास मामा वरेरकर, १९५२ साली अमळनेरास कृ. पां. कुलकर्णी आणि १९८४ साली पुनश्च जळगावी शंकरराव खरात यांनी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. कवी, नाटककार, भाषाशास्त्रज्ञ आणि कथाकार अशी ही थोर मालिका आहे, आणि तिच्याविषयी आम्हांस अभिमानच आहे. पण महाराष्ट्रातील सर्वाधिक वाचकांनी ज्याची पुस्तके रात्री जागून संपविली, त्या रहस्यकथाकाराला हा मान कोणत्याही गावाने दिला नाही.

चंद्रकांत सखाराम चव्हाण या नावाने त्यांना थोडेच लोक ओळखतात; बाबूराव अर्नाळकर म्हटले की मात्र साठीच्या पुढचा प्रत्येक माणूस मान वर करतो. त्यांचा जन्म १९०६ सालचा. आणि हा योगायोग मला येथे सांगावासा वाटतो, की त्याच साली विस्तीर्ण खानदेश जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी सरकारदरबारी होऊन जळगाव व धुळे ही दोन ठाणी वेगळी झाली. मुंबईत चष्म्यांचे दुकान चालविणाऱ्या या गृहस्थाने १९९६ साली देह ठेवीपर्यंत हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या विक्रमाची दखल गिनीज बुकानेही घेतली. लेखनाची पन्नास वर्षे धरली, तरी दरसाल वीस पुस्तके होतात. दैनंदिन व्यवहार सांभाळून, कोणत्याही राजाश्रयाशिवाय आणि विद्वानांच्या शाबासकीशिवाय, इतके लिहिणे हे निव्वळ हातवटीचे काम नव्हे; त्यामागे एखाद्या व्रतस्थाची शिस्त असली पाहिजे.

त्यांचा झुंजार आणि त्याची विजया, धनंजय आणि त्याचा छोटू, आणि रात्रीच्या काळोखात काळ्या वेषात वावरणारा काळा पहाड, या मंडळींचे मूळ पुष्कळदा इंग्रजी पुस्तकांत होते, हे खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. अर्नाळकरांच्या अगोदर गोविंद नारायण दातारांनीही इंग्रजी अद्भुतकथांवरून मराठी कादंबऱ्या रचल्याच होत्या. परंतु परक्या गुन्ह्याला आपली वस्त्रे नेसवून, फौजदार, पंचनामा, जबानी आणि मुद्देमाल यांच्या आमच्या परिचित जगात तो आणून सोडणे, आणि मॅट्रिकही न झालेल्या वाचकाला पान उलटायला भाग पाडणे, हे कसब अर्नाळकरांचे स्वतःचे आहे.

हे कसब त्या पुस्तकांच्या खपाच्या रीतीतून घडले, असे माझे मत आहे. पुस्तक विकत घेणारे थोडे, आणि दिवसाच्या भाड्याने नेणारे पुष्कळ. उद्या परत केले नाही तर वर पैसे पडणार; तेव्हा ते एका बैठकीत संपले पाहिजे, म्हणून वाक्य आखूड, संवाद पुष्कळ, आणि प्रकरण अशा जागी तोडलेले की दिवा मालवण्याची इच्छा होऊ नये. नायक वाचकाच्या ओळखीचाच असल्याने त्याचे कूळ सांगण्यात पाने खर्ची पडत नसत. माझे एक मामा भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. रात्रपाळीहून येताना डब्याच्या फडक्यात गुंडाळलेली अशी एक पुस्तिका ते आणीत. कागद पिवळा, टाचण्या गंजलेल्या, मुखपृष्ठावर पिस्तूल, आणि कोपऱ्यांवर इंजिनाच्या तेलाची बोटे. मामींना अक्षरओळख नव्हती. मामा वाचीत आणि त्या निवडायचे धान्य पुढ्यात तसेच ठेवून ऐकत बसत. वाचनाची गोडी आमच्या घरात शिरली ती या वाटेने. कादंबऱ्या आणि कवितासंग्रह पुढे त्याच वाटेने आले.

अर्नाळकरांनंतर गोव्याच्या गुरुनाथ नाईकांनी संख्येत त्यांच्याशी बरोबरी सांगितली. नारायण धारपांनी भयाचा वेगळा प्रांत वसविला. आणि सुहास शिरवळकरांनी रहस्यकथेतून सुरुवात करून ‘दुनियादारी’पर्यंत मजल मारली. त्यांची थोरवी पुढच्या सत्रांतील वक्ते विस्ताराने सांगतील.

आमच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल बांधवांपैकी पुष्कळजण ज्या देशात जाऊन स्थायिक झाले, त्या इस्राएलमधील हिब्रू भाषेचा दाखला मात्र, रहस्यकथेला मान कसा मिळू शकतो हे सांगण्यासाठी, मला दिल्यावाचून राहवत नाही. १९३० च्या दशकाच्या आरंभी, ती प्राचीन धर्मभाषा रोजच्या व्यवहारात नुकती रुळत असताना, तेल अवीवमध्ये श्लोमो बेन-इस्राएल यांनी डेव्हिड तिदहार नामक खऱ्याखुऱ्या गुप्तहेराला नायक करून स्वस्त पुस्तिकांची माला चालविली. पुढे बाट्या गुर या साहित्याच्या शिक्षिकेने १९८८ पासून मिकाएल ओहायोन या पोलीस अधिकाऱ्याच्या कादंबऱ्या लिहून रहस्यकथेला तेथे प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि त्या आरंभीच्या पुस्तिकांकडेही तेथील विद्वानांनी अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले.

आपल्याकडे अभ्यास दूर राहो, पुस्तकेच नाहीशी होत आहेत. ग्रंथालयांनी ती फाटली म्हणून काढून टाकली, घरांनी रद्दीत घातली. ती फाटली याचाच अर्थ ती वाचली गेली, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी वाड्यावाड्यांतून हिंडून, घरधन्यांना निरुपयोगी वाटणारे कागद गोळा केले. १९२६ साली धुळ्यास त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांचे दप्तर धुळ्यातील राजवाडे संशोधन मंडळाने जिवापाड जपले. रद्दीतून इतिहास वाचविण्याची रीत ज्या खानदेशाने पाहिली आहे, त्याने हे दुसरे दप्तरही जमविले पाहिजे.

म्हणून माझी आपणांस हात जोडून विनंती आहे. मंडपाच्या उजव्या दाराशी एक मेज मांडले आहे. आपल्या माळ्यावर, ट्रंकेत, वडिलांच्या कपाटात एखादी रहस्यकथा उरली असेल, तर मुखपृष्ठ नसले, अखेरचे पान नसले, तरी ती तेथे आणून द्यावी. आमचे कार्यकर्ते तिची नोंद करून रीतसर पावती देतील.