वरचे पाणी, खालचे पाणी



 

समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि प्रवाह यांचे नाते दुहेरी आहे. प्रवाह ऊब वाहून नेतात. तापमान बदलले की हवेचा दाब आणि वारा बदलतो आणि तोच वारा पुन्हा प्रवाहांना हाकतो. हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्येर्कनेस यांनी १९६९ मध्ये प्रशांत महासागरातले हे चक्र उलगडून दाखवले. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांत असाच हेलकावा असतो, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले.

मात्र या नात्याच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी सारख्या नाहीत. तापमानाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. जहाजावरून कापडी बादली सोडायची, पाणी वर ओढायचे आणि त्यात तापमापी बुडवायची. बादली वर येईपर्यंत बाष्पीभवनाने पाणी थोडे गार होई. पुढे इंजिनासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान टिपू लागले, ते किंचित जास्त भरे. हे फरक दुरुस्त करण्यात कितीतरी लोकांची उमेदीची वर्षे गेली आहेत आणि त्यांच्या कष्टांमुळेच आज आपण शतकभराच्या तापवाढीबद्दल ठामपणे बोलू शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागर जून ते सप्टेंबर या महिन्यांत १.२ अंश सेल्सिअसपर्यंत तापला. प्रवाहांच्या सलग मोजणीला मात्र जेमतेम काही दशके झाली आहेत. अटलांटिकमध्ये उबदार पाणी वरून उत्तरेला आणि गार पाणी खालून दक्षिणेला नेणारा उलटापालटीचा मोठा प्रवाह २६.५ अंश उत्तर अक्षांशावर सतत मोजला जाऊ लागला तो २००४ पासून.

त्यामुळे मोह होतो की, तापमानावरूनच प्रवाह ओळखावा. ग्रीनलंडच्या दक्षिणेला समुद्राचा एक भाग थंड राहिला आहे, त्यावरून अटलांटिकचा प्रवाह मंदावल्याचा अंदाज बांधला जातो. अंदाज महत्त्वाचा आहेच. पण आपल्या किनाऱ्यावर ही रीत सरसकट चालणार नाही आणि त्याचे कारण इथेच, गोव्यासमोरच्या पाण्यात आहे.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचे गार, प्राणवायू कमी असलेले पाणी उथळ भागात चढते. याच दिवसांत घाटावरून उतरणाऱ्या नद्या आणि मुसळधार पाऊस समुद्रावर गोड्या पाण्याचा पाच-दहा मीटरांचा थर पसरवतात. दुधावर साय धरावी तसा हा उबदार थर वर राहतो. उपग्रहाला तेवढाच दिसतो. खाली काय चालले आहे, याचा त्याला पत्ता नसतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून गोव्यातल्या कांदोळीसमोर चालवलेल्या नियमित मोजणीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपलेला आढळतो. नुसत्या पृष्ठभागाच्या नकाशावर विसंबलो असतो, तर हे कळलेच नसते.

हिवाळ्यातली गोष्ट आणखी विलक्षण आहे. तेव्हा हा प्रवाह उत्तरेकडे वळतो, तोही किनाऱ्यावरच्या वाऱ्याच्या विरुद्ध. त्याची प्रेरणा बरीचशी बंगालच्या उपसागरातून येते. तिथे उठलेल्या लाटा श्रीलंकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याने वर सरकतात. मालवणसमोरच्या पाण्याची ओढ समजायची, तर पूर्व किनाऱ्याचे वारेही पाहावे लागतात. या कोड्याचे बरेच पदर समुद्रशास्त्रज्ञ सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले, याचा मला अभिमान वाटतो.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे: समुद्र दशकानुदशके तापत असताना प्रवाह कसे बदलतात, हे फक्त खंड न पडलेल्या, खोलवरच्या मोजणीतून कळेल. मोजणी एका प्रकल्पाच्या मुदतीपुरती असून चालत नाही. तीन वर्षांनी निधी संपला आणि यंत्र वर काढले, तर त्या जागी पडलेली पोकळी नंतर कोणतेही प्रारूप भरून काढू शकत नाही.

या परिषदेच्या उद्याच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे. कांदोळीसारखीच एक रेषा रत्नागिरीसमोर आखावी. दर महिन्याला पृष्ठभागापासून तळापर्यंत तापमान, क्षारता आणि प्राणवायू मोजावा. समुद्रतळाच्या उतारावर प्रवाहमापक नांगरून ठेवावेत आणि निधी किमान वीस वर्षांसाठी बांधून द्यावा. मोजणीसाठी स्थानिक मच्छीमारांच्या होड्या घ्याव्यात आणि त्यांना त्याचा रास्त मोबदला मिळावा. जाळे कोणत्या दिशेला ओढले गेले, बांगडा किती खोलीवर सापडला, याच्या त्यांच्या नोंदीही त्याच वहीत, त्याच तारखेपुढे लिहिल्या जाव्यात.