पित्ताशय गेल्यानंतरचे पथ्य आणि आपली पंगत

(मंडळाच्या कोल्हापूर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



शिक्षण, विवाह, वसतिगृह अशा विषयांवर संमेलनात भाषणे व्हावीत, असा आपला प्रघात आहे. तो सोडून आम्ही पचनाच्या तक्रारींचा विषय निवडला, याचे काहींस नवल वाटेल. परंतु पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली माणसे आज आपल्या अनेक घरांत आहेत, आणि त्यांपैकी काहींनी समारंभास येणेच सोडले आहे. विचारले तर "प्रकृती बरी नसते" एवढेच ती सांगतात. जेवण होताच शौचास धावावे लागते, हे चारचौघांत कोण सांगणार? आमचेही पित्ताशय काढलेले आहे. तेव्हा हा संकोच आम्हांस परका नाही.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करू. आपल्या भाषेत 'पित्त' या शब्दास फार कामे करावी लागतात. छातीत जळजळले की 'पित्त झाले', अंगावर गांधी आल्या की 'पित्त उठले', आणि संताप आला की 'पित्त खवळले'! साहजिकच, पित्ताशय काढले म्हणजे या साऱ्या तक्रारी शमतील, अशी समजूत होते. वस्तुस्थिती निराळी आहे. छातीतील जळजळ जठरातील आम्लामुळे होते; गांधी बहुधा त्वचेच्या प्रतिक्रियेमुळे येतात. पित्ताशयात साठते ते यकृतात तयार होणारे, स्निग्ध पदार्थ पचविण्यास साहाय्य करणारे पित्त. म्हणून खड्यांचा त्रास शस्त्रक्रियेने थांबला, तरी जुने आम्लपित्त राहू शकते. त्याचा विचार व उपचार स्वतंत्रपणेच करावयास हवा.

पित्ताशय गेले तरी पित्त जात नाही. यकृत दिवसाकाठी सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करीतच असते. पूर्वी ते पित्ताशयात साठून घट्ट होई आणि स्निग्ध अन्न पोटात गेल्यावर एकदम बाहेर येई. आता ते आतड्यात सतत झिरपत राहते. त्यातील पित्तक्षार लहान आतड्याच्या अखेरच्या भागात बहुतांशी परत शोषले जातात; परंतु जास्त प्रमाणात मोठ्या आतड्यात उतरले, तर ते तेथे पाणी ओढतात व पातळ शौचास होते. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो. थोड्यांचा मात्र वर्षानुवर्षे टिकतो. तो मनाचा खेळ नव्हे, आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही.

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली केली. पुढे सुमारे शतकभर त्यासाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली. तेव्हापासून जखम बोटाएवढी झाली आणि रुग्ण एकदोन दिवसांत घरी येऊ लागला. पण बाहेरची जखम लहान असली, तरी आतला बदल तेवढाच राहतो. आणि नव्या व्यवस्थेची सवय होण्यास पोटाला अवधी द्यावाच लागतो.

आता पथ्याविषयी. मुख्य नियम असा, की स्निग्धांश एकाच वेळी फार नको. दोन वेळा भरपेट जेवण्याऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे खावे. आपल्या कोल्हापुरात हे कठीणच! मिसळीवरचा कट, तांबड्या रश्श्यावरची तर्री, खोबऱ्या-काजूचा पांढरा रस्सा आणि गंगावेशीतील म्हशीचे धारोष्ण दूध, यांवर आपला पिंड पोसला आहे. ते कायमचे वर्ज्य करा, असे आम्ही म्हणत नाही; तेल-तूप मुळीच न खाणेही हितावह नाही. मात्र मऊ भात, मुगाची खिचडी, भाकरी, साय काढलेले ताक यांपासून आरंभ करावा आणि एकेक पदार्थ थोडा थोडा वाढवीत जावे. कशाने बाधते, ते वहीत टिपून ठेवावे. इसबगोल भरपूर पाण्यासह घेतल्याने काहींस आराम पडतो. त्रास टिकला तर पित्तक्षार बांधून ठेवणारे कोलेस्टिरामिनसारखे औषध आहे; पण ते इतर औषधांचे शोषणही अडविते, म्हणून डॉक्टरांस विचारूनच, त्यांनी सांगितलेल्या वेळी घ्यावे.

काही लक्षणे मात्र पथ्यावर सोपवू नयेत. डोळे पिवळे होणे, थंडी वाजून ताप येणे, लघवी गडद व शौच पांढुरके होणे, वरच्या पोटात तीव्र कळ येणे, शौचातून रक्त जाणे, वजन घटत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पित्ताशय काढले तरी पित्तनलिकेत खडा राहिलेला असू शकतो किंवा नव्याने होऊ शकतो. रक्ततपासणी व सोनोग्राफी यांनी त्याचा माग लागतो, आणि असा खडा बहुधा पुन्हा पोट न उघडता, तोंडावाटे दुर्बीण घालून काढता येतो. "पित्ताशयच नाही, तर खडा कुठला?" असे म्हणून घरी बसणे जिवावर बेतू शकते.

शेवटी मंडळास एक विनंती. आग्रह करकरून वाढणे हे आपल्या पंगतीचे भूषण समजले जाते. पण पानावरचा हात बाजूस सारून वाढलेली एक पळी एखाद्यास दोन दिवस अंथरुणास खिळवते, आणि पुढच्या वर्षी तो येतच नाही. म्हणून संमेलनाच्या भोजनात साधा वरणभात, ताक आणि बिनतर्रीची भाजी सर्वांच्याच पंगतीत असावी. ती मागण्याची पाळी कोणावर येऊ नये, आणि 'नको' म्हणणाऱ्यास कारण विचारले जाऊ नये. पंगत माणसे जोडण्यासाठी असते. जी माणसे पथ्यापायी दूर राहिली, त्यांचे पान प्रथम मांडावे.