फिटची नोंद कोण ठेवतो, कोण वाचतो?

(सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मला इथे नॉमिनेशन, मुदत ठेवी आणि मृत्युपत्र यावर बोलायला उभे करतात. यंदा रौप्यमहोत्सव आहे, म्हणून विषय मी निवडला. आकडी, म्हणजे आपण ज्याला फिट म्हणतो, जुन्या लोकांच्या भाषेत फेफरे किंवा मिरगी, त्याची नोंद ठेवणारी शरीरात बसवायची यंत्रे आणि ती बसवणारे, वाचणारे डॉक्टर. मी डॉक्टर नाही. साधा बी.कॉम. माणूस, आयुष्य बँकेत गेले. पण नोंद म्हणजे काय आणि तिच्याखाली कोणाची सही आहे हे बघणे, एवढे मला कळते. आजचा विषय तेवढाच आहे.

हा विषय माझ्याकडे आला तो भाच्यामुळे. त्याच्या परवानगीने सांगतो. वय चौतीस, एकोणिसाव्या वर्षापासून फिट येतात. दोन औषधे झाली, तिसरे चालू आहे. प्रत्येक वेळी डॉक्टर विचारायचे, "महिन्यात किती आल्या?" तो बायकोकडे बघायचा आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. लाल पेनाने गोल केलेले असायचे, दोन, फार तर तीन. त्यावर गोळीचा डोस ठरायचा. मग एकदा चार दिवस दवाखान्यात ठेवून व्हिडिओ ईईजी केला. म्हणजे डोक्याला तारा आणि समोर कॅमेरा. त्या चार रात्रींत झोपेत पाच फिट सापडल्या. त्याला पत्ता नाही, शेजारी झोपणाऱ्या बायकोला पत्ता नाही.

यात खोटे कोणीच बोलत नव्हते. पण विचार करा, ज्या कारकुनाने नोंद करायची तोच नेमक्या वेळी बेशुद्ध असेल, तर खातेवही जुळणार कशी? आणि हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाही. त्या आकड्यावर डोस ठरतो, गाडी चालवायची की नाही ते ठरते, एकट्याने गच्चीवर जायचे की नाही ते ठरते. रात्री न दिसणाऱ्या मोठ्या फिट जिवावरही बेतू शकतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे उद्या सकाळी कोणी यंत्राची चौकशी करायला धावणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटमुक्त राहू शकतात. साध्या गोळ्यांनी, नियमित घेतल्या तर. यंत्रांचा विचार येतो तो उरलेल्यांसाठी. नीट निवडलेली, योग्य मात्रेत घेतलेली दोन औषधे देऊनही फिट थांबत नसतील, तर डॉक्टर त्याला औषधाला दाद न देणारा आजार म्हणतात. माझा भाचा त्यांतला.

माणसाच्या मेंदूतल्या विजेची नोंद पहिल्यांदा घेतली हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने, १९२४ साली. हे येना शहरातले मानसोपचारतज्ज्ञ. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडले, थोडक्यात वाचले, आणि त्याच दिवशी लांब असलेल्या बहिणीला काळजी वाटून घरून तार आली. मनाची शक्ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला. ते शोधायला निघाले आणि हाती लागला ईईजी. १९२९ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला, पण बरीच वर्षे लोकांनी विश्वास ठेवला नाही. माणूस कुठून आला आहे, त्यावर तो काय शोधतो हे ठरते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आज आपण लॅबमध्ये जो ईईजी काढतो तो साधारण २० ते ३० मिनिटांचा. म्हणजे वर्षभराच्या खात्यातले एक पान. त्या अर्ध्या तासात काही दिसले नाही म्हणून आजार नाही, असे म्हणता येत नाही. म्हणून डॉक्टरांना वाटले की नोंद घेणारे यंत्र शरीरातच ठेवले तर?

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला हे झाले. न्यूरोलॉजिस्ट मार्क कुक आणि सहकाऱ्यांनी १५ रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवले, तार कातडीखालून छातीतल्या यंत्रापर्यंत आणली आणि रुग्णाच्या हातात एक छोटी डबी दिली. डबीवर तीन दिवे. निळा म्हणजे फिटचा धोका कमी, पांढरा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जास्त. २०१३ मध्ये याचा अहवाल 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आला. काही रुग्णांना आधी इशारा मिळू शकतो हे त्यात दिसले. पण मला जास्त महत्त्वाचे वाटले ते दुसरे. रुग्णांनी स्वतः मोजलेल्या फिट आणि यंत्राने मोजलेल्या फिट यांचा मेळ बसत नव्हता. म्हणजे भाच्याच्या कॅलेंडरची गोष्ट मेलबर्नलाही तीच.

आता पुढचे ऐका. ते यंत्र बनवणाऱ्या न्यूरोव्हिस्टा कंपनीकडचे पैसे संपले. कंपनी बंद पडली आणि यंत्रे काढून घ्यावी लागली. एका बाईंना त्या दिव्यांमुळे आयुष्यात पहिल्यांदा निर्धास्त बाहेर पडता येत होते. यंत्र आपल्याकडेच राहावे म्हणून घर गहाण ठेवायचीही त्या पती-पत्नीची तयारी होती. तरी ते काढावे लागले. कर्ज देताना आम्ही विचारायचो, उद्या धंदा बुडाला तर जामीनदार कोण? डोक्यात यंत्र बसवतानाही हाच प्रश्न विचारायला हवा. कंपनी राहिली नाही तर बॅटरी कोण बदलणार, दुरुस्ती कोण करणार, काढायचे झाले तर खर्च कोणाचा?

कुक थांबले नाहीत. पुढे मेलबर्नमध्येच एपिमाइंडर कंपनीचे 'माइंडर' नावाचे यंत्र आले. यात कवटी उघडत नाहीत, इलेक्ट्रोड टाळूच्या कातडीखाली, हाडावर ठेवतात. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला परवानगी दिली. या यंत्रामागे कॉक्लिअर कंपनीचा आधार आहे, तीच बहिऱ्यांच्या कानातल्या इम्प्लांटची कंपनी. त्या इम्प्लांटचे जनक ग्रॅम क्लार्क हे कान-नाक-घशाचे सर्जन आणि त्यांच्या वडिलांना ऐकू कमी येत असे. १९७८ साली मेलबर्नलाच त्यांनी अनेक इलेक्ट्रोडांचे आपले पहिले इम्प्लांट बसवले. कातडीखाली वर्षानुवर्षे यंत्र सुरक्षित कसे ठेवायचे हे शिकले कानवाले आणि उपयोग झाला मेंदूवाल्यांना!

लोक सगळ्या यंत्रांना एकच समजतात, म्हणून तीन प्रकार सांगतो. पहिला, फक्त नोंद ठेवणारा, वरच्यासारखा. दुसरा, नोंदही ठेवतो आणि फिट सुरू होताना तिथेच हलका विद्युतझटका देऊन अडवायचा प्रयत्नही करतो. न्यूरोपेस कंपनीच्या अशा यंत्राला अमेरिकेत २०१३ मध्ये परवानगी मिळाली, ते कवटीच्या हाडात बसते. तिसरा, व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर. तो छातीत बसतो, मानेतल्या नसेला ठरावीक वेळाने झटके देतो आणि मुख्यतः उपचार करतो. त्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे मोठ्या केंद्रांत होते.

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांतल्या कित्येक वर्षांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवले की पुष्कळ रुग्णांत मेंदूची चलबिचल ठरावीक दिवसांच्या चक्रात वाढते नि कमी होते, अनेकांत २० ते ३० दिवसांच्या. आपल्याकडे म्हणतात ना, अमावास्येला फिट येते. चंद्राचा दोष नाही. प्रत्येकाचे चक्र वेगळे आणि ते ज्याच्या त्याच्या मेंदूचे. पण ते कळायला वर्षांची नोंद लागते.

आता डॉक्टरांकडे वळू. एखादा माणूस उभ्याचा कोसळला, हातपाय झटकले, दोन मिनिटांत उठला. हीच घटना न्यूरोलॉजिस्टला मेंदूची वाटेल, हृदयरोगतज्ज्ञाला हृदयाची. दोघेही आपापल्या जागी बरोबर. हृदय काही सेकंद थांबले तरी मेंदूला रक्त न मिळून माणूस पडतो आणि झटकेही येतात. अशा वेळी हृदयवाले छातीच्या कातडीखाली लूप रेकॉर्डर नावाची बोटाच्या पेरापेक्षा फार मोठी नसलेली पट्टी बसवतात, ती काही वर्षे हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवते. वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या घेणाऱ्या काही लोकांचा आजार या पट्टीमुळे हृदयाचा निघाला आणि पेसमेकरने ते बरे झाले, असेही घडले आहे. म्हणून गोळ्यांनी गुण येत नसेल तर मान खाली घालून डोस वाढवत नेण्याआधी विचारा, "डॉक्टर, हृदयाकडून एकदा बघायचे का?"

आम्ही बँकेत खाते उघडताना ग्राहकाची ओळख तपासतो. डॉक्टरांचीही तपासावी, त्यात अपमान नाही. एमबीबीएसनंतर एमडी, मग डीएम न्यूरोलॉजी हे मेंदूविकाराचे फिजिशियन. एमएस, मग एमसीएच न्यूरोसर्जरी हे शस्त्रक्रियेचे. काही जण पुढे फक्त फिटच्या आजारात फेलोशिप करतात. निदान एकाचे, शस्त्रक्रिया दुसऱ्याची, ईईजी वाचणे कधी तिसऱ्याचे. मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि दवाखान्यात लावायचा असतो. तो बघा.

मागचा वारसाही बघण्यासारखा असतो. वेल्लोरला १९४९ मध्ये न्यूरोसर्जरी विभाग सुरू करणारे डॉ. जेकब चँडी हे कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकलेले. पेनफिल्ड म्हणजे फिटच्या शस्त्रक्रियेतले जगातले मोठे नाव. चँडींनी १९५२ मध्ये वेल्लोरला फिटसाठी शस्त्रक्रिया केली. म्हणजे आपल्या देशात हे काम कालपरवाचे नाही.

भाच्याला मी पाच प्रश्न कागदावर लिहून दिले. एक, माझे निदान पक्के कशावरून? दोन, यंत्र फक्त नोंद ठेवते की उपचारही करते? तीन, तुमच्या केंद्रात अशी किती बसवली आणि बसवल्यावर नोंदी नियमित वाचणार कोण? चार, बॅटरी किती वर्षे आणि पुढे एमआरआय करता येईल का? पाच, कंपनीशी तुमचा काही आर्थिक संबंध आहे का? पाचवा प्रश्न विचारताना तो कचरला. पण डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सगळी उत्तरे दिली आणि सांगितले, घाई नको, आधी शस्त्रक्रियेने बरे होण्यासारखे मेंदूत काही आहे का ते तपासू. सध्या त्या तपासण्या चालू आहेत. काय निघेल ते निघेल, पण मुलगा आता आकडे बघून निर्णय घेतो आहे, अंदाजाने नाही.

आता आपल्या सोसायटीपुरते. प्रत्येकाच्या डोक्यात यंत्र येणार नाही. तोवर नोंद ठेवायची ती आपण, घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि गेटवरच्या वॉचमनने. कोणाला फिट आली तर घड्याळ बघा. एकाने घरच्यांच्या संमतीने मोबाइलवर चित्रण करा, डॉक्टरांना ते फार उपयोगी पडते. नुसते डॉक्टरांनाच दाखवायचे, ग्रुपवर टाकायचे नाही! माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.

आणि लपवू नका. मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून कित्येक घरांत हा आजार कपाटात ठेवतात. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार ही लग्नाआड येणारी गोष्ट होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. कायद्याने काढले ते आपण मनातून काढायला हवे. लपवलेल्या आजाराची नोंद होत नाही, आणि नोंदच नाही तर उत्तमातला उत्तम डॉक्टरही काय वाचणार?

पंचवीस वर्षे आपण एका आवारात राहतो. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचा गॅस संपला, हे आपल्याला कळते. कोणाच्या मुलाला फिट येते हेही एकमेकांना सांगण्याइतका विश्वास आपल्यात असावा, एवढीच अपेक्षा आहे.