तपासणीतली मोटार आणि रस्त्यावरची मोटार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, संगीतावर आणि शिवकालावर अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत. त्यांच्या पंक्तीला मोटारीच्या पेट्रोलचा विषय घेऊन बसणे धाडसाचेच आहे. त्यातून मी अभियंता नाही. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो, आणि तीस वर्षे नियम, परिपत्रके व मासिक विवरणपत्रे यांच्याच सहवासात काढली. परंतु आजचा विषय वरवर यंत्राचा वाटला, तरी मुळात तो नियमाचा आहे. आणि नियम पाळता पाळता कसा मोडला जातो, हे सांगण्याचा थोडासा अधिकार मला आहे असे मी समजतो.

प्रसंग घरचाच आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही मोटार घेतली. माहितीपत्रकात लिटरमागे २२ किलोमीटर हा आकडा ठळक छापलेला होता. त्या उन्हाळ्यात जबलपूरहून नागपूरमार्गे पुण्यास निघालो. चार माणसे, त्यांचे सामान, मे महिन्याचे ऊन, अखंड चालू असलेले एसी आणि शिवनीपुढचा कुरई घाट. पुण्यास पोहोचून हिशेब केला, तो लिटरमागे १५ भरले. सौभाग्यवतींनी विचारले, "मग उरलेले सात सांडले कुठे?" परत आल्यावर मी तोच प्रश्न विक्रेत्याला केला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तो सरकारी चाचणीतला आकडा आहे."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ही चाचणी रस्त्यावर होतच नाही. मोटारीची चाके मोठ्या रोलरांवर टेकवून तिला जागच्या जागी पळवतात. किती सेकंद उभे राहायचे, केव्हा वेग घ्यायचा, केव्हा ब्रेक लावायचा, हे सारे आधीच ठरलेले असते. माझ्या मोटारीला लागू असलेल्या भारतीय चाचणीत वेळ सुमारे २० मिनिटे, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि एसी बंद. रस्त्यावरचा वारा आणि टायरांचे घर्षण मोटारीला किती अडवतात, हे रोलरांना आधी सांगावे लागते. त्यासाठी मोटार मोकळ्या पट्ट्यावर वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ती कशी मंदावत जाते ते मोजतात. अशा चाचण्या करणारी आपल्याकडची एक प्रमुख संस्था एआरएआय १९६६ पासून पुण्यातच आहे.

अशा चाचणीचा हेतू चांगला आहे. सर्व मोटारींना एकच फूटपट्टी लावल्याखेरीज तुलना होणार कशी? पण फूटपट्टी आधीच माहीत असली म्हणजे काय होते, ते आपण शाळेत पाहिले आहे. तपासणीस साहेब येणार त्या दिवशी भिंती सारवलेल्या, गणवेश धुतलेले आणि हुशार मुले पहिल्या बाकावर. शाळा तीच, मुले तीच, खोटे काहीच नाही. तरीही साहेबांनी पाहिली ती शाळा रोजची नव्हे.

मोटार कारखानदारांनीही हेच केले. युरोपात २०१७ पर्यंत चालत आलेली जुनी चाचणी घ्या. तीत दारांच्या फटींना चिकटपट्ट्या लावणे, टायरांत जादा हवा भरणे, गुळगुळीत पट्टा निवडणे, चाचणीपुरते बॅटरीचे चार्जिंग थांबवणे, असे प्रकार होत. त्यांपैकी पुष्कळशांना नियमाने मनाई केलेली नव्हती. नियम गप्प होता, म्हणून त्याची संमती गृहीत धरली गेली. आयसीसीटी या अभ्याससंस्थेने वर्षानुवर्षे तुलना केली. कागदावरच्या आणि रस्त्यावरच्या इंधनखर्चातील तफावत २००१ साली सुमारे ९ टक्के होती. २०१५ पर्यंत ती ४० टक्क्यांच्या पुढे गेली. इंजिने सुधारत होती हे खरे. पण त्याहून झपाट्याने परीक्षा देण्याची कला सुधारत होती.

अमेरिकेत याहून चतुर वाट निघाली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथे १९७५ साली कायदा झाला. प्रत्येक कारखान्याने विकलेल्या मोटारींची सरासरी १९८५ पर्यंत गॅलनमागे २७.५ मैल, म्हणजे लिटरमागे सुमारे ११.७ किलोमीटर, झाली पाहिजे असे ठरले. मात्र शेतकरी आणि कंत्राटदार यांच्या हलक्या मालवाहनांना सवलत होती. मग प्रश्न मोटार सुधारण्याचा न राहता व्याख्येचा झाला. क्रायस्लरची पीटी क्रूझर २००० साली आली. दिसायला मोटार, पण मागची आसने काढून सपाट तळ मिळत असल्याने कायद्याच्या दृष्टीने ती मालवाहन ठरली. सुबारूने २००५ च्या आपल्या आउटबॅक गाडीची जमिनीपासूनची उंची वाढवली आणि तिलाही त्याच वर्गात नेले. १९७५ साली अमेरिकेतील नव्या गाड्यांत या वर्गाचा वाटा जेमतेम एक-पंचमांश होता. पुढे तो निम्म्याहून अधिक झाला. गरिबाच्या गाड्यासाठी ठेवलेल्या फाटकातून श्रीमंताचा रथ गेला, आणि द्वारपालाला हरकत घेता आली नाही.

तिसरी पायरी उघड असत्याची. जपानच्या मित्सुबिशीने एप्रिल २०१६ मध्ये कबूल केले, की सुमारे सव्वासहा लाख छोट्या मोटारींच्या विरोधाचे, म्हणजे न्यूट्रलमध्ये मोजावयाचे, आकडे सोयीस्कर करून दिले होते. आणि कायद्याने सांगितलेल्या रीतीहून निराळी रीत तर १९९१ पासूनच वापरात होती. अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांनी फुगलेल्या आकड्यांच्या प्रकरणी २०१४ साली १० कोटी डॉलरचा दंड मान्य केला. चिकटपट्टीपासून असत्यापर्यंतचा हा उतार एका दिवसात कोणी उतरत नाही. एकेक पायरी निरुपद्रवी वाटते.

आपल्या देशातही कारखान्याच्या सरासरीचा नियम २०१७-१८ पासून आहे. आधी किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइड १३० ग्रॅम आणि २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम, अशी मर्यादा आखली गेली. पण ती ताफ्याच्या वजनाशी बांधलेली होती: गाड्या जड, तर मर्यादा सैल. शिवाय विजेची एक मोटार हिशेबात तीन धरली जाई. उत्तेजन म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण त्या तिपटीच्या आडून त्याच कारखान्याच्या किती तहानलेल्या गाड्या पार होतात, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. कारण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण परदेशांतून विकत घेतो.

येथवर मी कारखानदारांना दोष दिला. आता स्वतःकडे वळतो. एका कार्यालयात असताना, प्रत्येक प्रकरण ३० दिवसांत निकाली निघाले पाहिजे असा आमचा नियम होता. विवरणपत्र दरमहा वर जाई आणि आमची टक्केवारी नेहमी उत्तम असे. कशी? एकोणतिसाव्या दिवशी फाइलवर एखादी शंका काढून ती अर्जदाराकडे परत पाठवली, की प्रकरण 'निकाली' धरले जाई. एका विधवेची निवृत्तिवेतनाची फाइल अशी तीनदा निकाली निघाली. तिन्ही वेळा विवरणपत्रावर सही माझी होती. चौथ्या वेळी त्या बाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कागदावर माझे काम तीनदा झाले आहे, मला एकदा तरी होऊ द्या." दारांच्या फटींना चिकटपट्टी लावणाऱ्या त्या अनोळखी तंत्रज्ञाला मी हसू शकत नाही, त्याचे कारण हे आहे.

मग उपाय काय? नियम अधिक बारीक करणे हा एक. युरोपाने २०१७ पासून नवी, अधिक लांब आणि वेगवान चाचणी आणली. पण खरा उपाय त्यापुढचा वाटतो. २०२१ पासून तेथील प्रत्येक नव्या पेट्रोल-डिझेल मोटारीत प्रत्यक्ष जळालेले इंधन मोजणारी नोंदयंत्रणा सक्तीची झाली. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ साली सांगितले, की साध्या मोटारी अधिकृत आकड्याहून सुमारे २० टक्के अधिक इंधन खातात. आणि पेट्रोल व वीज दोन्हींवर चालणाऱ्या, घरी चार्ज करावयाच्या मोटारी तर सरासरी साडेतीनपट. चाचणीने गृहीत धरले होते, की मालक ती नेमाने चार्ज करील. मालकांनी पेट्रोल भरले. तपासणीस साहेब न सांगता, रोज शाळेत बसू लागले, तेव्हा हे कळले.

आपण एवढे तरी करावे. टाकी काठोकाठ भरून किलोमीटर लिहून ठेवावे, पुन्हा काठोकाठ भरताना लागलेले लिटर लिहावे, आणि भागाकार करावा. वर्षभराची अशी वही दहा घरांनी ठेवली, तर पुढच्या गाडीच्या वेळी ती छापील आकड्याहून अधिक कामाची ठरेल.

आपले मंडळ ५० वर्षांचे झाले. स्मरणिकेत सभासदसंख्येचा आकडा छापला जाईल आणि तो खराच असेल. तरी चिटणीसांना माझी विनंती आहे, की शेजारी आणखी एक आकडा द्यावा: गेल्या वर्षी कार्यक्रमांना प्रत्यक्ष किती मंडळी आली, आणि त्यांत मराठी वाचू शकणारी मुले किती होती. दुसरा आकडा पहिल्याहून लहान निघेल. पुढच्या वर्षीचे काम त्याच्यावरून ठरवता येईल.