वाकळ आणि सावड



या व्याख्यानमालेत आपण आजवर मोठमोठ्या विषयांवरची भाषणे ऐकलीत. माझा आजचा विषय मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी अंगावर ओढून घेतलेला आहे. तो म्हणजे गोधडी. भर वैशाखात, घामाच्या धारा लागलेल्या असताना ही बाई गोधडीवर काय बोलणार, असे आपल्या मनात आले असेल. पण गोधडीचा खरा हंगाम हाच, हे मला गेल्या पौषात सांगवीला गेल्यावर कळले.

सांगवी हे बारामती तालुक्यातले, नीरेच्या काठचे, बारामती-फलटण रस्त्यावरचे गाव. आम्ही चौघी मैत्रिणी तेथे चार दिवस राहिलो. चौघींपैकी एकीची आत्या त्या गावची. थंडीचे दिवस आहेत, अंगणात ऊन खात बसू, हुरडा खाऊ आणि एक गोधडी शिवायला शिकू, असा आमचा बेत. आत्याबाईंनी तो ऐकला आणि तोंडाला पदर लावून त्या हसल्या. म्हणाल्या, "पोरींनो, वाकळ उन्हाळ्यात शिवायची असती. सुगी उरकली, हाताला काम न्हाई, तवा. थंडी पडल्यावर वाकळ शिवायची म्हंजे तहान लागल्यावर हीर खांदायची." त्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. आमचे पहिले अज्ञान असे पहिल्याच चहाबरोबर उघडे पडले.

तरी त्यांनी आम्हांला बसवले. वाकळीची रचना वरून साधी दिसते, पण तिचा हिशोब पक्का असतो. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे ८ मीटर कापड. त्याचे ४ सारखे तुकडे केले आणि दोन-दोन जोडले, की माणसाच्या उंचीला पुरेल असा वरचा आणि खालचा पदर एकाच लुगड्यात निघतो. मध्ये जुनी धोतरे, विटलेले सदरे, फाटके परकर. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर हे थर अंथरायचे, चारी बाजूंना दगड ठेवून ताणून घ्यायचे, आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत यायचे. सुती लुगडेच का, असे मी विचारले. त्यांनी एक कृत्रिम धाग्याची साडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही सरकती. हिला ऊब न्हाई आन् घाम बी पीत न्हाई."

पहिल्याच दिवशी माझ्या हातून घोटाळा झाला. दोरा घट्ट ओढला म्हणजे शिवण मजबूत होते, अशी माझी समजूत. कापड चुण्यांनी भरून गेले. शिवाय मी आपली भराभर पुढे गेले आणि समोरची मैत्रीण मागे राहिली. त्यामुळे मधोमध कापडाला झोळ आला. आत्याबाईंनी काही न बोलता माझ्या सगळ्या ओळी उसवल्या. मग म्हणाल्या, "शेजारणीच्या हाताकडं बघून सुई चालवायची." बंधुभगिनींनो, मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. चौघी चार बाजूंनी शिवीत येतात, त्या एका चालीने आल्या तरच वाकळ सपाट बसते. एकमेकींशी जुळवून घेणे हा येथे सद्गुण नव्हे, ती कामाची गरज आहे.

या गरजेतूनच सावड आली. शेतकऱ्यांना हा शब्द ठाऊक आहे: आज मी तुझ्या कामाला, उद्या तू माझ्या. पैशाची देवघेव नाही, पण दिवसाची परतफेड चुकत नाही. आत्याबाईंच्या तरुणपणी वाकळी सावडीनेच शिवल्या जात. आज एकीच्या अंगणात, परवा दुसरीच्या. सुईबरोबर तोंडेही चालत. कोणाच्या लेकीला सासरी त्रास आहे, कोणाच्या घरात दाणे संपले आहेत, हे सगळे त्या वाकळीच्या भोवती कळे, आणि कळले की कोणीतरी त्याची वाटही काढी.

मग हे मोडले कशाने? दारिद्र्य होते तोवर चिंधी वाया घालवणे परवडत नव्हते. संत गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या पांघरुणामुळे. तेव्हा या वस्तूचे फार गोडवे गाऊ नयेत. तिच्या प्रत्येक टाक्यात टंचाई आहे. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला, पुढे ऊस आला, साखर कारखाने आले. हातात पैसा आला तशी सोलापुरी चादर आली, रग आला. हे चांगलेच झाले. पण वाकळीबरोबर ते अंगणही उठले, याची मात्र कोणी नोंद केली नाही.

आता वाकळ मजुरीने शिवून मिळते. तिसऱ्या दिवशी अशी शिवून देणारी एक बाई आली. तिने मजुरी सांगितली आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "काही कमी नाही का होणार?" तिने उत्तर दिले नाही. रात्री मी हिशोब मांडला. २ मीटर लांब, २ मीटर रुंद वाकळ. बोटभर, म्हणजे २ सेंटिमीटर अंतराने ओळी धरल्या तर १०० ओळी, म्हणजे २०० मीटर शिवण. एक टाका सेंटिमीटरचा धरला तर २० हजार टाके. मला फार लाज वाटली. सकाळी जाऊन मी सांगितलेल्या मजुरीत एक वाकळ सांगून आले.

अमेरिकेत अलाबामा राज्यात काळ्या स्त्रियांनी १९६६ साली गोधड्या शिवून विकण्याची सहकारी संस्था काढली. मतदार म्हणून नाव नोंदवले या कारणासाठी त्या भागात अनेक कुटुंबांचे काम आणि घर गेले होते. या शिवणीने काहींना आधार दिला. पुढे २००२ साली त्याच भागातील जीज बेंड वस्तीच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या. तेव्हा या कामाला मोल आहे, ते द्यावे लागते. विकत घ्यायची तर घासाघीस न करता घ्यावी.

पण सावडीचे मोल पैशाने फिटत नाही. निघताना आम्ही आत्याबाईंच्या आणि शेजारच्या तिघींच्या हातांवर पाकिटे ठेवू लागलो. आत्याबाईंनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं आमी कवा यायचं, त्ये सांगा."

आम्ही चौघी एकमेकींकडे पाहत राहिलो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरांत कसले अंगण? समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंचे नावसुद्धा मला ठाऊक नव्हते. दिवस घेतले होते, आणि ते फेडायला जागा नव्हती.

फाल्गुनात मी त्यांना बोलावले. दिवाणखान्यातल्या खुर्च्या गच्चीवर नेल्या. दगड मिळेनात, म्हणून पाटा, वरवंटा आणि दोन शब्दकोश कापडाच्या कडांवर ठेवले. समोरच्या बिऱ्हाडाचे दार मी प्रथमच वाजवले, आणि त्या बाई आपली जुनी साडी व सुई घेऊन आल्या. त्या जिन्यातल्या आणखी दोघींना घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांतली एक बोलता बोलता रडली. कशासाठी ते मी येथे सांगणार नाही. पण पाच वर्षे एका भिंतीआड राहून मला ते माहीत नव्हते. आता माहीत आहे, आणि आम्ही तिच्यासाठी जे करता येईल ते करीत आहोत.

वैशाख चालू आहे. आपल्या ट्रंकांत जुनी लुगडी आहेत, दुपारी रिकाम्या आहेत. थंडी अजून लांब आहे. आपण कोणाकोणाचे दिवस देणे लागतो, एवढे घरी जाऊन आठवून पाहावे, ही विनंती करून मी आपली रजा घेते.