बुडाशी भार हवा
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनातर्फे केलेले भाषण)



खुटबाव येथील आपल्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी कक्षात तंजावरची एक बाहुली ठेवलेली आहे. कितीदा आडवी पाडली तरी ती पुन्हा उभी राहते. मुलांना तिची गंमत वाटते. आम्हाला तिच्यात ताळेबंद दिसतो.

तंजावरशी आपले नाते जुने आहे. तेथील भोसले घराण्याच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) धन्वंतरी महालाद्वारे औषधांच्या अभ्यासास आश्रय दिला आणि नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवविल्या. त्याच नगरीची ही बाहुली. जपानातही दारुमा नावाची अशीच बाहुली असते. संकल्प करताना तिचा एक डोळा रंगवितात व तो सिद्धीस गेल्यावर दुसरा. सात वेळा पडावे, आठव्यांदा उठावे, अशी तेथील म्हण आहे.

मात्र ही बाहुली जिद्दीने उठत नाही. तिचे बूड गोलाकार व जड असते, वरचा भाग हलका. कलंडताच तो भारच तिला सरळ करतो. भार डोक्यात भरला, तर ती पडूनच राहील.

हे आम्हाला उशिरा उमगले. उसाच्या ट्रॉलीवरून पडून मांडीचे हाड मोडलेल्या एका मजुराची शस्त्रक्रिया आपण विनामूल्य केली आणि ‘धीर सोडू नका’ असे सांगून त्यांना घरी पाठविले. व्यायामासाठी ते आलेच नाहीत. चार महिन्यांनी आले, तेव्हा गुडघा आखडला होता. प्रत्येक खेपेचे भाडे आणि सोबत येणाऱ्या पत्नीचा बुडणारा रोज, हा हिशेब त्यांनी आमच्यापुढे मांडला. धीर त्यांच्यापाशी होता. बुडाशी भार नव्हता. तो देणे आमचे काम होते.

आता व्यायामाच्या खेपांचा खर्च आम्ही शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरतो. ते गृहस्थ आज काठीच्या आधाराने चालतात. गुडघा मात्र पुरता वाकत नाही.

देणगीदारांना नम्र विनंती, की यंत्रांबरोबरच कायम निधीसही साहाय्य करावे. मूळ रकमेस हात न लावता तिच्या व्याजातून हा खर्च भागेल. भाड्याच्या पैशांवर नावाची पाटी लावता येत नाही, हे आम्ही जाणतो. बाहुलीच्या बुडातला भारही कोणास दिसत नाही. तिला उभी मात्र तोच करतो.